कुंकू लावलेला कॅमेरा आणि नाणेघाटाची चढण

नाणेघाटला लोक गुहा पाहायला जातात. मी गेले ते माझा कॅमेरा बिघडताना पकडायला.

सांगते. पगारातून साठवत साठवत मी मोठा डिजिटल कॅमेरा घेतला, लेन्स बदलता येणारा. वाशिंदला आमच्या आळीत असा कॅमेरा कुणाकडे नव्हता आणि मी तो गळ्यात अडकवून भाजी आणायलासुद्धा जात असे, हसायचं तर हसा. महिन्याभरातच त्याचे नखरे सुरू झाले. मनात येईल तेव्हा फोटोच्या खालच्या भागात काळा पट्टा. मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला दोनदा नेला, दोन्ही वेळा एकच उत्तर: "मॅडम, आमच्याकडे नीट चालतोय." पाहुण्यांसमोर शहाणं होणारं पोर असतं ना, तसा हा. वॉरंटी संपत आली होती. म्हणून ठरवलं, दसऱ्याला टोकावड्याजवळ काका-काकींकडे जायचं, नाणेघाट चढायचा आणि याला रंगेहाथ पकडायचं.

तुम्ही कल्याणहून येणार असाल तर मुरबाडची थेट एस.टी. धरा. मी मात्र आसनगावला उतरून शहापूरमार्गे गेले, कारण किन्हवलीवरून सरळगावला जाणारा रस्ता दसऱ्याच्या सुमारास चुकवू नये असा आहे. दोन्ही बाजूंना पिकायला आलेलं भात, मागे माहुलीचे सुळके. गाडी खडखडते, खड्डे आहेत, पण खिडकी सोडवत नाही. आमच्या तालुक्यांना लोक 'घाटात जाताना लागणारी गावं' म्हणतात. म्हणोत बापडे. सरळगावला गरम वडा खाल्ला आणि पुढे जीपमध्ये दाटीवाटीने बसून टोकावडं गाठलं.

दसऱ्याच्या सकाळी काकींनी ओटी सारवून अवजारं मांडली होती: विळे, कोयता, पहार, काकांची कुदळ, काकींची शिवणाची कात्री. मधे एक पाट रिकामा.

"हा कुणासाठी?" मी फोटो काढत विचारलं.

"तुज्या कॅमेऱ्यासाठी गो. पोट भरत नसला तरी तुजं अवजारच ना त्ये?"

फोटोत पट्टा आला होता. मी मनात चरफडले, पण कॅमेरा पाटावर ठेवला. काकींनी त्याला हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. मी पुन्हा हात घालणार तेवढ्यात दटावलं, "पुजलेल्या वस्तूला आज काम नाय लावायचं. तिचा बी सण हाय." मग काय, कॅमेऱ्याला सुट्टी. मी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं हाणून ओटीवर लोळले.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे काका आणि मी वैशाखरे गावाच्या पुढे, चढ सुरू होतो तिथे जीपमधून उतरलो. पाणी भरपूर घ्या, बूट चांगले घाला. चढ दमवतो, पण झाडीतून आहे, आणि शेवटी दगडी पायऱ्या लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे व्यापारी याच वाटेने चढले. काकांचं दुखणं वेगळंच. "चढ सगळा आमच्या मुरबाडचा," ते धापा टाकत म्हणाले, "आन वर मिरवणार जुन्नरवाले!" वर गुहेत दगडावर कोरलेली अक्षरं पाहिली आणि मला खरंच भरून आलं. आपल्या इतक्या जवळ हे आहे, आणि आपण सुट्टी मिळाली की माथेरानला पळतो.

तिथेच लेन्स बदलून समोरच्या जीवधन किल्ल्याचा फोटो घेतला आणि पट्टा आला. पुढच्या प्रत्येक फोटोत आला. मी आनंदाने ओरडले.

"फोटो इस्कटला नि ही नाचते!" काका म्हणाले.

आता पट्टा हटतच नव्हता, म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्यांसमोरही येणार होता. सोमवारी सर्व्हिस सेंटरला कॅमेरा ठेवला. तिथल्या टाय लावलेल्या तरुणाने तो आत नेला आणि तोंड पाडून परत आला. "मॅडम, आत लाल पावडर सापडली. वॉरंटी लागू नाही. पण 'माझ्या निष्काळजीपणामुळे बिघाड' अशी सही दिलीत, तर बिलात सूट देता येईल."

लेन्स बदलताना चिमूटभर कुंकू आत गेलं असणार, हे मी कबूल केलं. पण सही? म्हणजे काकींच्या हाताने कॅमेरा बिघडला असं मी लिहून द्यायचं? माझं डोकं फिरलं. मी कार्डातला दसऱ्याचा फोटो उघडून त्याच्यासमोर धरला. "हा रिकामा पाट दिसतो? कॅमेरा यावर बसायचाय. कुंकू अजून करंड्यात आहे. आणि हा तुमचा पट्टा आधीच हजर आहे!"

त्याने फोटो मोठा करून पट्टा पाहिला. "वर विचारावं लागेल," म्हणाला.

वर विचारायला त्यांनी दिवाळी उजाडवली. मी फोन करायची, तिकडून 'कृपया थांबा' म्हणत गाणं वाजायचं, मग कुणीतरी नव्याने पहिल्यापासून विचारायचं. शेवटी दोष शटरचाच निघाला आणि ते फुकट बदलून मिळालं. माफीचा शब्द नाही. कॅमेरा मात्र घासूनपुसून लख्ख, कुंकवाचा ठिपकाही उरला नव्हता.

भाऊबीजेला काका-काकी वाशिंदला आले. मी कौतुकाने कॅमेरा पुढे केला, तर काकींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. काकांकडून त्यांना लाल पावडरीचं कळलं होतं.

"नको गो बाय. माज्या हातानं मागं एवढा घोटाळा झाला."

"तुमच्या हाताने काही झालं नाही. कंपनीने फुकट करून दिला, तो काय उगाच? लावा."

"मंग गळ्यातल्या पट्ट्याला लावते, कडंला."

"पट्ट्याला नाही काकी. कपाळाला लावा त्याच्या."

लेन्सवर झाकण आहे ना हे त्यांनी दोनदा विचारलं. मग करंड्यात बोट बुडवलं आणि कंपनीच्या नावाच्या बरोबर वर ठसठशीत टिळा लावला.