पेन्सिलींचं गुत्तं

मागच्या वर्षी मला मोबाईलवर नोकरी लागली. म्हणजे तसा मेसेज आला. घरी बसून डब्यांत पेन्सिली भरायच्या आणि पगार एवढा, की गावातल्या शाळेच्या सरांनीही खडू टाकून पेन्सिल उचलावी. सोबत गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका हसऱ्या माणसाचा फोटो. मी बी.ए. झालेली बाई, लग्नापासून घरात बसून भांड्यांवर राग काढणारी. मला त्या माणसाचे दात बघूनच विश्वास बसला, आता काय सांगावं!

अट एकच होती. आधी नोंदणीची फी भरा, तीही बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत, नाहीतर जागा दुसरीला. नवऱ्यापुढं हात पसरायचा तर मग नोकरी कशाला? माझं स्वतःचं म्हणावं असं घरात एकच होतं, शेळी. माहेरच्या गावाहून, हट्ट्याहून, आईनं आंदण दिलेली, गाभण आणि माझ्यासारखीच तापट. तिला जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात नेऊन विकायचं मी ठरवलं. आदल्या दिवशी तिला धुतलं, नवं दावं बांधलं आणि गोठ्यामागं जाऊन रडले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथंच गोवऱ्या काढत होत्या.

"काहून रडून राहिलीस गं?"

"रडत न्हाई. मला काम लागलंय."

मग सगळं सांगावं लागलं. माल ते पाठवणार, भरायचं आपण, जेवढे डबे तेवढे पैसे. फीचं आणि शेळीचं तेवढं गिळलं. आत्याबाईंचे डोळे चमकले. त्या निंदणाऱ्या बायांच्या टोळीच्या मुकादम. रानातलं काम त्या गुत्त्यानं, म्हणजे ठोक ठेक्यानं घेतात, मालकाशी भाव त्याच करतात आणि आगाऊ उचल हातात पडल्याशिवाय त्यांची टोळी बांधावर पाय ठेवत नाही.

"मंग हे गुत्तंच की! बाया किती लागत्यात?"

"मी एकटीच."

"येडी का खुळी? एकटी बाई गुत्तं घेती व्हय?"

बाजाराच्या दिवशी सकाळी शेळी सोडायला निघाले, तर ओसरीवर अख्खी टोळी बसलेली. भाकरी बांधून. एकीनं पेन्सिली पाखडायला सूप आणलं होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात नोकरीवाल्याचा फोन आला. तो माझ्या हातातून आत्याबाईंनी कधी घेतला, कळलंच नाही.

"राम राम मालक! बाया तयार हायेत. टेम्पो कुठं उतरवता?"

"कौन? माताजी, पहले फीस भरनी पडेगी."

"फीस म्हंजे उचलच ना? कवा देता?"

"हम नहीं, आप देंगे."

फोन मोठ्या आवाजावर होता, ओसरीनं सगळं ऐकलं. मग सूपवाली म्हणाली, "काम बी आमी करायचं अन् उचल बी आमीच द्यायची? मालक सकाळीच टाकून बसलाय का?" बाया खदाखदा हसायला लागल्या.

आत्याबाईंनी डोळे वटारले. त्यांना गुत्तं हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. "असू द्या मालक, बाया अडाणी हायेत. तुमचं गोदाम कुठं हाय ते सांगा. आमी रान बघितल्याबिगर काम धरत न्हाई. आत्ताच गाडी करून येतो."

"नहीं नहीं! आने की जरूरत नहीं!"

"तकलीफ कसली? भाकरी आमच्या आमी आणतो. पत्ता तेवढा सांगा."

फोन कटला. आत्याबाईंनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. लागेना. हसऱ्या माणसाचा फोटोही गायब.

माझ्या बी.ए.च्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. पगार भरमसाट, घाई भलती, पत्ता नाही आणि पैसे उलटे आपल्याकडूनच! अस्सा राग आला, आधी त्याचा, मग माझा. शेळीनं मधल्या मध्ये एकीची भाकरी फस्त केली होती, तिला मी उगाच एक धपाटा घातला. टोळी मला शिव्या घालत पांगली. आत्याबाईही कुरकुरत होत्या, "चांगलं सावलीतलं गुत्तं गेलं."

"आत्याबाई, तो मालक न्हवता. चोर होता."

"चोर?" त्या मटकन खाली बसल्या. मग कमरेला खोचलेली फडक्याची पुरचुंडी काढून सोडली. आत त्यांच्या दंडातली चांदीची वाकी. "मंग ही घालून दे परत."

"ही काहून काढली?"

"शेळीला नवं दावं बांधलंस, मला का कळत न्हाई? मायनं दिलेलं जितराब इकत्यात व्हय? म्हणलं, पैशाबिगर मालक न्हाईच ऐकला तर शेळीऐवजी ही मोडू."

त्यांच्या काळ्या दंडावर वाकीच्या जागी गोरा पट्टा होता. लग्नापासून ती कधी उतरली नव्हती. मी तेल लावून वर सरकवायला लागले, पण डोळ्यांपुढं सगळं धूसर, वाकी कोपरातच अडकली.

"जोर लाव की," आत्याबाई ओरडल्या. "काढताना म्या एकटीनं काढली."