फाउस्तिनाची जमीन, कातालिनोचं नाव

यॉर्किन नदीकाठी फाउस्तिना मोरालेसची कोकोची झाडं आहेत, तिच्या आईच्या आईने लावलेली. ब्रिब्री या आदिवासी लोकांत कूळ आईकडून येतं, जमीनही त्याच वाटेने लेकीकडे जाते, आणि नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. यात नवल ते काय? पण राजधानीतून होडीत बसून आलेल्या त्या जमीन-नोंदणीच्या साहेबाला हे कोण सांगणार!

साहेब आला तेव्हा फाउस्तिनाने स्वतः कोको दळून, उकळून त्याच्यापुढे ठेवला. पठ्ठ्याने दोन वाट्या रिचवल्या, मिशा पुसल्या आणि तिच्याकडे पाठ करून तिच्या नवऱ्याला विचारलं, "काका, कुटुंबप्रमुख तुम्हीच ना?"

कातालिनो आधीच मुखदुर्बळ. त्यातून पाहुण्याचा शब्द खोडणं त्याच्या अगदी जिवावर येतं. त्याने मान हलवली. झालं! साहेबाने मालकाच्या रकान्यात त्याचं नाव ठोकून दिलं. जिच्या हातचा कोको प्यायला, तिला मेल्याने साधं नावसुद्धा विचारलं नाही.

चार महिन्यांनी कागद हातात पडला तेव्हा घरात भडका उडाला.

"तुला देवाने तोंड दिलंय की नाही?" फाउस्तिना कडाडली.

"मला वाटलं, घरात वयाने मोठा कोण ते विचारतोय," कातालिनो पुटपुटला.

तिचा संताप उगीच नव्हता. मुलगा एलिएसेर लिमोन शहरात राहतो. बापाच्या नावावर जमीन झाली म्हणताच त्याला हक्क आठवला. केळीच्या एका ठेकेदाराशी त्याचं बोलणंही झालं होतं. सगळी कोकोची झाडं तोडायची आणि केळी लावायची! आणि त्या झाडांत उन्हापावसाचं राबणारी लेक यामिलेथ, तिने काय करायचं? बघत बसायचं?

फाउस्तिनाने नवऱ्याला घेऊन तीन खेपा घातल्यावर नोंदणी कचेरीतल्या मुलीने तोंड उघडलं. "काकू, नोंद झाली ती झाली. आता काकांनीच तुम्हाला बक्षीसपत्र करून द्यायचं. मग तुम्ही लेकीला द्या."

"बक्षीस? माझ्या आजीची झाडं हा मला बक्षीस देणार?"

"कागदापुरतं हो, काकू."

कागदापुरतं! त्या मुलीच्या डोक्यावर भिंतीभर चित्र लावलेलं होतं. देशातले आठ आदिवासी समाज, आणि मधोमध कोको दळणारी ब्रिब्री बाई, हसरी. चित्र काढायला बाई हवी, समारंभात मिरवायला हवी. जमीन कोणाची, हे विचारायची वेळ आली की हिला कोणी ओळखत नाही. लाज कशी वाटत नाही या लोकांना?

फाउस्तिनाने लेकीसाठी तो अपमानही गिळला. घेणारीच्या जागी सही केली आणि पेन नवऱ्यापुढे सरकवलं. कातालिनोने ते हातात घेतलं, कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"मी नाही करणार सही."

"अरे, पण का?"

"ही माझी जमीन मी देतोय, असं लिहिलंय यात. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून दान करू? तुझ्या आईच्या घरात राहायला आलेला माणूस मी. एकदा मान हलवून बसलो, तेवढं पाप पुरे."

"काका, सही नाही केलीत तर जमीन तुमचीच राहील," मुलगी वैतागली.

"माझी नाहीच ती."

"कागदावर तुमचीच आहे."

"मग कागद खोटा आहे."

"तसा अर्ज नसतो, काका. चला, पुढचं कोण आहे?"

चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने पहिल्यांदा कोणाला तरी ठणकावून नाही म्हटलं होतं, आणि तेही नेमकं इथे. फाउस्तिनाला त्याची मानगूट धरावीशी वाटली. पण धरणार कशी? त्याचा एकेक शब्द खरा होता. तिने पेन उचललं आणि स्वतःची सही खोडून टाकली.

जमीन अजून कातालिनोच्या नावावर आहे. एलिएसेरला आता फक्त बाप मरायची वाट पाहायची आहे.