दुसरी मेहिटेबल

नॉर्थ पेल्टन गावात विनिफ्रेड लूमिस बाईंना घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. घाबरवायचं खातं त्यांच्याकडेच होतं. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांच्या वंशजांचं तिथं एक मंडळ आहे, त्याच्या नोंदणीप्रमुख त्या, तीस वर्षं. अस्सल कोण आणि उपरा कोण हे त्या ठरवणार. निम्म्या गावाचे अर्ज त्यांनी परत पाठवले असतील, आणि तेही इतक्या गोड पत्रानं, की वाचणाऱ्याला दोन दिवस जेवण जात नसे.

स्वतः बाई मात्र थेट गावाच्या संस्थापकाच्या, इबेनेझर हॉलिस्टरच्या घरातल्या. त्याच्या मेहिटेबल नावाच्या मुलीच्या वंशातल्या. शनिवारी मेहिटेबलच्या नावाची पितळी पाटी दफनभूमीत बसायची होती. त्यासाठी मंगळवारी हॉलिस्टरांच्या रांगेतला एक पालथा पडलेला दगड उभा केला. बाईंनी मऊ ब्रशनं शेवाळ काढलं आणि ब्रश हातातून सुटला. ‘मेहिटेबल, इबेनेझरची कन्या. मृत्यू १७२२. वय तीन वर्षं.’

तीन वर्षांच्या पोरीला वंश कुठला?

त्या दिवशी बाईंनी चुलीवरचे बीन्स करपवले. मनाची समजूत घालून झाली, की त्या काळी मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देत. खुद्द लूमिसांकडे सायलस नावाचे तीन मुलगे झाले. तशी दुसरी मेहिटेबल झाली असणार. तिच्या जन्माची नोंद मिळाली की सुटले. पण छापील यादीत ती नव्हती. उरलं गावकचेरीतलं मूळ दप्तर, आणि त्या कपाटाची किल्ली होती कॉर्लिस बीबीकडे.

कॉर्लिस ही बाईंची शाळेपासूनची मैत्रीण. सहा वर्षांपूर्वी तिचा अर्ज बाईंनी फेटाळला. तिचा बीबी आडनावाचा पूर्वज १७२५ च्या आत गावात होता याचा एक कागद कमी पडत होता. एकच. तेव्हापासून दोघी एकमेकींची फक्त तब्येत विचारत.

“आज कुणाचा अर्ज मारायला आलीस गं?” कॉर्लिसनं दप्तर पुढ्यात ठेवत विचारलं आणि विणकाम घेऊन समोरच बसली. जुनं हस्ताक्षर तिला ओ की ठो कळत नसे. बाईंना तेवढाच एक दिलासा होता.

१७२४ च्या पानावर बोट थांबलं. जेरूशा नावाची बाई, आडनाव नाही, नवरा नाही, कडेवर तान्ही मुलगी. परक्यांना पोसायची पाळी गावावर येऊ नये म्हणून तिला चौदा दिवसांत हद्दीबाहेर जाण्याचा हुकूम. खाली दोन ओळी: बाई गाव सोडून गेली. मूल हॉलिस्टरच्या बायकोनं ठेवून घेतलं आणि आपल्या गेलेल्या मुलीचं नाव त्याला दिलं. त्याखाली हुकूम बजावणाऱ्या शिपायाची सही. थिओफिलस बीबी.

पान उलटलं की झालं. शनिवारी पाटी, पहिल्या रांगेतली खुर्ची, सगळं जागच्या जागी. कॉर्लिसला आणखी सहा वर्षं कळलं नसतं. बाईंनी पानाचा कोपरा उचललासुद्धा. समोर सुया टकटक करत होत्या.

“मिळालं का काही?”

“मिळालं,” बाई म्हणाल्या. कोपरा खाली टेकला. “दोघींचंही.” आणि त्यांनी पान वाचून दाखवलं. सहीपाशी आल्यावर आवाज फाटला, तेवढी ओळ पुन्हा वाचावी लागली.

कॉर्लिसनं आधी ओळीतले टाके पुरे केले.

“म्हणजे तुझ्या खापरपणजीला माझ्या खापरपणज्यानं हाकललं.”

“हो.”

“नवऱ्याचा पत्ता नसलेली.”

“हो गं बाई, हो.”

बाईंनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला, कॉर्लिसचं नाव घातलं, पुराव्याच्या रकान्यात पान क्रमांक लिहिला आणि नोंदणीप्रमुख म्हणून सही केली. मग त्या पदाचा बिल्ला उतरवून फॉर्मवर ठेवला आणि दोन्ही कॉर्लिसपुढे सरकवलं. इतकी वर्षं लावून ब्लाउजला तिथं छिद्रं पडली होती, त्यावर हात धरून त्या बसल्या.

“शनिवारी कार्यक्रमाला मला आत येऊ देशील ना?” त्यांनी विचारलं.

“अर्ज कर,” कॉर्लिस म्हणाली आणि पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. “एखादा कागद कमी पडला तर बघू.”