विमलाबाईंच्या गळ्यातलं रोमन नाणं

लोक वर्ध्याला सेवाग्राम बघायला जातात. आम्ही गेलो एका बाईच्या गळ्यातलं बघायला. याला जबाबदार माझा नवरा. सुधीरला जुन्या नाण्यांचं वेड आहे आणि अशाच वेड्यांचा त्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर डिसेंबरात वर्ध्याजवळच्या देवळीच्या एका सोनाराने फोटो टाकला: काळ्या दोऱ्यात ओवलेलं, कडी लावलेलं चांदीचं नाणं. झिजलेली कडी बदलायला एक बाई घेऊन आली होती. "अक्षरं आपल्याकडची नाहीत. रोमन असेल का?" असं त्याने विचारलं होतं. फोटो हललेला, चेहरा धड दिसत नव्हता. तरी सुधीरचा चहा गार झाला.

"पूर्वी आपल्याकडे रोमन नाण्यांना कडी लावून दागिने करायचे," तो म्हणाला. "काचेच्या कपाटात पाहिलेत मी. पण आज कुणाच्या गळ्यात?" पुढच्या शनिवारी आम्ही नाशिकहून निघालोसुद्धा.

सिन्नरजवळ समृद्धी महामार्गाला लागलं की थेट वर्ध्याला उतरायचं. रस्ता इतका सरळ की चालकाला पेंग येते, तेव्हा बोलकी बायको सोबत न्यावी. टायर तपासून घ्या, डबा घ्या, कारण खाण्याच्या जागा लांब लांब आहेत. टोलचा आकडा नवऱ्याला बघू द्यावा, आपण कपाशी बघावी. वेचणी चालू होती, शेतं पांढरी झाली होती.

वाटेत मी विचारलं, "चेहरा कुणाचा असेल?"

"राजाचाच बहुतेक. बायकांची नाणी कमी सापडतात."

मुक्काम वर्ध्याला लागूनच, सिंदी मेघेला. बाराशे रुपयांत स्वच्छ खोली आणि गरम पाणी मिळालं. सकाळी कोपऱ्यावर तर्री-पोहे खाल्ले. इथे तर्री मागावी लागत नाही, पुरे म्हणावं लागतं. मी वेळेत पुरे म्हटलं नाही आणि देवळीपर्यंत नाक पुसत गेले.

देवळीच्या सोनाराने पुढचा रस्ता समजावून दिला आणि वर म्हणाला, "बाई मोठी बेचैन हाये जी. जे असंन ते सांगा, पन जरा जपून."

गाव तिथून जवळच. विमलाबाई वांग्याच्या वाडीतून हात पुसत आल्या. पन्नाशीच्या, काटक, बोलायला खणखणीत. मालक बाजारात भाजी घेऊन गेले होते. "या जी, बसा. आधी च्या घ्या, मंग पाहा," म्हणाल्या, पण आम्ही चहा घेत असताना त्यांचा हात सारखा गळ्यातल्या दोऱ्याकडे जात होता.

विमलाबाई या घरात दुसरेपणावर आल्या. पहिली बायको तापाने गेली, तेव्हा लेक वर्षा दीड वर्षाची होती. अशा वेळी दुसरीने पहिलीची छोटी चांदीची प्रतिमा गळ्यात घालायची, अशी रीत आहे. तिला सवतच म्हणतात. तिचा मान आधी, मग आपला.

"सासूजवळ हे होतं, तिच्या सासूपासूनचं," विमलाबाई सांगू लागल्या. "याच्यावर तोंड दिसे, म्हनून नवी सवत नाई घडवली. म्हने, हेच घाल. तवापासून नवं लुगडं आधी हिले लावाचं, मंग आपन नेसाचं. जेवताना पैला घास हिले."

"आणि वर्षा?" मी विचारलं.

"पोट्टी हिलेच मोठी माय म्हनते. तिच्या मायचा एक फोटो नाई ना घरात. हे मुठीत धरून झोपे." त्यांनी नाणं पदराने पुसलं. "आता पुढच्या महिन्यात तिचं लगन हाये, देवळीलेच देल्ली. मले हे तिच्या गळ्यात घालाचं हाये. अन् सोनार म्हनते, कोन्या परदेशी राजाचं असंन. भलत्याच मानसाले मी पोरीची माय म्हनून कशी बांधू जी? वर्षा दुपारच्या बसनं येईन. त्याच्या आधी खरं काय ते सांगा."

मी सुधीरच्या कानात म्हटलं, "राजा निघाला तर?"

"खोटं नाही बोलणार मी."

"मग निदान हळू बोल."

त्याने ओट्यावर उन्हात बसून नाणं तळहातावर घेतलं आणि भिंग लावलं. सोन्याच्या दुकानातसुद्धा मी त्याला इतका वेळ गप्प पाहिलेलं नाही. विमलाबाईंनी गळ्यावर पदर ओढून घेतला होता.

"अंबाडा," सुधीर म्हणाला.

"काय?"

"डोक्यावर अंबाडा आहे. बाई आहे ही!" तो इतक्या जोरात ओरडला की ओट्याखालची कोंबडी पळाली. मग त्याने नीट सांगितलं. रोमची एक राणी होती. ती वारली तेव्हा राजाने तिच्या आठवणीसाठी नाणी पाडली. कडेला दिवंगत राणीसाठी लिहायचे तो शब्द पुसट दिसतोय. अस्सल आहे की त्या काळी इकडेच कुणी केलेली नक्कल, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण चेहरा तिचाच.

"मेलेल्या बायकोचं हाये?" विमलाबाईंनी विचारलं.

"हो."

"नवऱ्यानं बनवलं?"

"हो."

त्यांनी वाकून नाण्याकडे पाहिलं. "मंग त्यानं दुसरी केली का नाई?"

"नाही, लग्न नाही केलं पुन्हा."

विमलाबाईंना हसू आवरेना. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्हंजे तिकडं हिले सवत नाई भेटली. भेटली ते मीच!" मीही हसले, आणि खरं सांगते, मला रडूही आलं.

वर्षा वर्ध्याच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. ती आली आणि चपला काढायच्या आत विमलाबाईंनी सगळं सांगून टाकलं, काही न लपवता. "हे तुही माय नोहे बेटा, कोनी राणी हाये. पन मेलेल्या बाईची याद म्हनूनच बनवेल हाये."

वर्षाने नाणं हातात घेऊन पाहिलं. "एवढे वर्स मोठी माय म्हनून राह्यली, आता का राणीसाहेब म्हनू? बांध तू, माय."

विमलाबाईंनी तो काळा दोरा तिच्या गळ्यात बांधला. मग पानं वाढली: चुलीवरची भाकर, वांग्याचं भरीत, तुरीच्या ओल्या दाण्यांची म्हणजे सोल्याची भाजी. (हिवाळ्यात विदर्भात गेलात आणि सोल्याची भाजी न खाता आलात तर ट्रिप फुकट.) विमलाबाईंनी पहिला घास घेतला आणि सवयीने गळ्याशी नेला. गळा रिकामा होता. हात तसाच राहिला. वर्षाने मान पुढे केली आणि दोरा ओढून नाणं त्यांच्या हाताशी धरलं. विमलाबाईंनी घास त्याला लावला आणि जेवायला लागल्या.

परतताना वर्ध्याहून गोरसपाकचे, म्हणजे तिथल्या तुपातल्या बिस्किटांचे, दोन डबे घेतले. त्यातला एक वाटेतच संपला. सुधीरने जमलं तर नाणं विकत घ्यायला पैसे आणले होते, हे मला ठाऊक होतं. त्याने विषयसुद्धा काढला नाही. माझा हा नवरा मला त्या दिवशी फार आवडला.

घरी आल्यावर त्याने अल्बम काढले. प्लॅस्टिकच्या कप्प्यांत त्याची नाणी ओळीने बसलेली आहेत. त्यांना कुणी घास लावत नाही, नवी साडी दाखवत नाही. मी विचारलं, "मी गेले तर माझं नाणं पाडशील?"

"चांदीचा भाव बघितलास?" तो म्हणाला.

परवा विमलाबाईंचा फोन आला. लग्नाले येजा, म्हणाल्या. विहिणीसाठीचं लुगडं आणलं, स्वतःलाही एक घेतलं, आणि वर्षा कामावरून येईपर्यंत घडी मोडली नाही. आधी तिच्या गळ्यातल्या राणीला लावलं, मग नेसून पाहिलं.

"आणि वर्षा सासरी गेल्यावर हो?" मी विचारलं.

"काऊन? देवळी का लंडन हाये? भाकर बांधून जाईन, अन् पैला घास तिथंच लावीन."