चारचौघांतली शिवी

बाकीच्या बाया नवऱ्याच्या हाताला भ्यायच्या. मालुबाई भ्यायची ती नवऱ्याच्या मायेला, कारण भरमूला ती लपवताच यायची नाही. सदलग्याची ही पोर सन तीसच्या सुमारास निपाणीजवळच्या एका खेड्यात नांदायला आली होती.

एकदा ती तंबाखूचे फुटवे खुडून रानातनं आली. चिकानं हात काळेकुट्ट, बोटाला बोट चिकटलेलं. भरमूनं तिला परड्यातल्या दगडावर बसवलं, पाणी ओतलं आणि राखेनं तिचे तळवे चोळले. तेही दिवसाढवळ्या. सासू राजाबाई मागच्या दारात उभीच होती.

"आगं बया! बायकूचं हात धुतोय माझा ल्योक! काय चारलंस गं त्येला, सटवे?"

भरमू हसला. मालुबाईनं हात झटकन मागं घेतले. वरच्या गल्लीतल्या शालूबाईवर आदल्याच वर्षी नवऱ्याला करणी केल्याचा आळ आला होता. गावानं तिला वेशीबाहेर काढलं आणि तान्हं पोर ठेवून घेतलं. मालुबाईला तिसरा महिना होता.

आठ दिवसांत पाणवठ्यावरच्या बाया आपल्या घागरी तिच्यापासून लांब ठेवायला लागल्या. राजाबाई लेकाचं ताट हुंगून मगच त्याच्यापुढं सरकवायची. शेवटी म्हणाली, "आयतवारी देवरशी येणार हाय. काय ते बाहीर पडंल."

मालुबाईनं रानात नवऱ्याचे पाय धरले.

"अवो, मला शिव्या द्या. चारचौघांत."

"खुळी हैस काय? कशापायी?"

"मी भाकरी करपवतो, तुमी वराडा. न्हायतर ही लोकं मला ठेवायची न्हाईत."

पहिल्या दिवशी भरमू अंगणात उभा राहिला, घामाघूम झाला आणि म्हणाला, "तू… तू लई वंगाळ हैस बघ."

शेजारची मनुबाई खिदळली. "ही शिवी हाय व्हय रं? का लाडीगोडी?"

तिसऱ्या दिवशी त्यानं ताट भिरकावलं. "टवळे, जा तुज्या बाच्या घरी!" राजाबाईचा चेहरा उजळला. "आत्ता कसा गडी दिसतोय!" देवरशाला तिनं येऊ नको म्हणून निरोप धाडला.

मग ते रोजचंच झालं. अंगणात बाया जमल्या की भरमू ओरडायचा आणि आत आला की हळूच विचारायचा, "मनाला लावून घेतलं न्हाईस न्हवं?" ती मान हलवायची. हे विचारणं कधी थांबलं, ते मात्र तिला कळलं नाही.

एका दुपारी राजाबाई निपाणीच्या बाजाराला गेली होती. भरमू रानातनं तापून आला. पाणी द्यायला मालुबाईला जरा उशीर झाला.

"कुठं मेलीस गं, टवळे?"

तांब्या घेऊन ती दारापर्यंत आली आणि बाहेर डोकावली. अंगण मोकळं होतं. मनुबाईच्या दाराला कडी होती.

"कोन आलंय?" तिनं कुजबुजत विचारलं.

"कोन यायचं हाय?" भरमूनं तांब्या हिसकावून घेतला.

मालुबाईनं अंगणात पुन्हा एकदा बघून घेतलं.