चिचुंद्रीच्या भरवशावर

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घरी महालक्ष्म्या आल्या त्या एका चिचुंद्रीमुळे, आणि ती चिचुंद्री नव्हतीच.

झालं असं. श्रावणातल्या एका संध्याकाळी सिलिंडरच्या मागून काहीतरी काळं सुळकन गेलं. मी उडी मारून ओट्यावर बसले. नवऱ्याने वाकून पाहिलं, नाकाने हवा ओढली आणि निकाल दिला, "चिचुंद्री हाये. तिले हात लावू नको. तिच्या पावलानं घरात लक्ष्मी येते." शेतकऱ्याचं पोर म्हणून उंदीर-घुशींच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. तिथेच थांबला असता तर बरं होतं. पण त्याने लगेच अंजनगावकडे, गावी, आईला फोन लावून ही आनंदाची बातमी दिली.

सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. यंदापासून महालक्ष्म्या दोघींपैकी एका सुनेकडे द्यायच्या हे ठरलं होतं. कोणाकडे, ते ठरत नव्हतं. अकोल्याच्या जाऊबाई त्यासाठी वर्षभर सासूबाईंना लोणची-पापड पोचवत होत्या. मलाही महालक्ष्म्या फार हव्या होत्या. लग्न झाल्यापासून मी त्या सणात नुसती वाढत आणि उष्टी काढत आले होते. एकदा तरी आपल्या घरी, आपल्या हाताने त्यांना साडी नेसवावी असं वाटायचं. फोनवर बातमी ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मंग यंदा अमरावतीलेच बसवू. घर लाभलं तं तिथंच राहू देऊ."

दुसऱ्या दिवशी मी सिलिंडर सरकवला. मागे काळ्या, टोकदार लेंड्यांचा सडा पडला होता. शेतावरून आलेल्या तुरीच्या गोणीचा कोपरा कुरतडलेला, मिक्सरची वायर सोललेली. चिचुंद्री किडे-झुरळं खाते, भिंतीच्या कडेने चिकचिक करत जाते आणि तिचा वास काही केल्या लपत नाही. इथे वास होता तो ओल्या पोत्याचा. मी नवऱ्याला गोणी दाखवली. त्याने कुरतडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"श्रावण पाळून राहिली असन," तो म्हणाला.

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सासूबाईंनी येऊन उंदीर पाहिला की महालक्ष्म्या थेट अकोल्याची वाट धरणार, हे मला दिसत होतं. मी पदर खोचला. मोरीच्या पाइपाला जाळी बसवली. ओट्याखालच्या भोकात भांड्यांची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपलं. मागच्या दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकली, तूर-गहू पत्र्याच्या कोठीत भरले, खिडकीवर टेकलेली पेरूची फांदी छाटली. भज्याच्या तुकड्याला भुलून पिंजऱ्यात एक सापडलाही. पण तोवर गणपती बसले होते, आणि गणपतीचं वाहन त्या दिवसांत मारणार कोण? नवऱ्याने पिंजरा स्कूटीवर पायाशी ठेवला आणि बडनेऱ्याच्या रस्त्याला नेऊन त्याला सन्मानाने सोडलं. तरीही ती चिचुंद्रीच होती असं त्याचं म्हणणं.

महालक्ष्म्या थाटात बसल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, आणि त्यांच्या डोक्यांवर दोऱ्यांनी टांगलेला फुलोरा, म्हणजे करंज्या, पापड्या, तळणाच्या वेण्या. पूजेच्या दुपारी आरती झाली आणि जाऊबाईंची नजर वर गेली. कडेच्या करंजीचा कोपरा गायब होता. सारण महालक्ष्मीच्या साडीच्या निऱ्यांवर सांडलं होतं.

"काहून वं, हे कोणं खाल्लं?" त्यांनी भर माणसांत विचारलं. आवाज फार गोड होता.

भोकं बुजवायच्या घाईत मी एकाला आतच कोंडलं होतं.

सासूबाईंनी करंजी उतरवून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून दातांच्या खुणा निरखल्या. "उंदीर हाये."

"आई, चिचुंद्री..." नवरा पुटपुटला.

"तू चूप बस. चिचुंद्री करंजी खाते काय?"

जाऊबाई पुढे सरकल्या. "मंग आई, पुढच्या साली अकोल्याले..."

"तुयाकडं घूस हाये," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मांगं आली होती तवा मोरीपाशी मातीचा ढीग पायला मी. फरशी खचली तुयी. इच्याकडं निस्ता उंदीर हाये. उंदीर परवडला."

जाऊबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत गेल्या. मला हसू आणि रडू एकदमच आलं. सासूबाईंनी दुसरी करंजी आणायला सांगितली. स्टुलावर चढून ती टांगताना दोऱ्याची गाठ काही बसेना.

"घाई नको करू," त्या खालून म्हणाल्या. "नीट शिकून घे. आता दरसाली तुलेच बांधा लागन."