कलाबाईचा खोटा नवस

खर्ड्याच्या खालच्या आळीत फुगडी म्हणजे कला आणि झुंबर. हातांची फुली करून, पाय जुळवून अशा गरगरायच्या की बघणारीला भोवळ यावी. लग्नं झाली, पोरं झाली, तरी दर पंचमीला दोघी माहेरी यायच्या त्या फुगडीसाठीच. नागोबाला लाह्या वाहायला, हे आपलं सांगायला.

आणि एका पंचमीला कलाबाई ओट्यावरून हललीच नाही. "गोरक्षच्या वेळंला नवस बोलले हुते, पोरगं झालं तर फुगडी सोडीन म्हनून." असला नवस कधी कुणी ऐकलाय का? झुंबर लालबुंद. "पोरगं झालं आन् शिंगं फुटली हिला," म्हणाली, आणि तेव्हापासून दोघींत उभा दावा. पुढे झुंबरचेही गुडघे गेले म्हणे.

खरं असं होतं, की गोरक्षच्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशीच कलाबाईच्या डोक्यावर पाण्याचा हंडा चढला, आणि पुढे तिचं अंग बाहेर यायला लागलं. गर्भपिशवी खाली सरकलेली. उडी मारली, जड उचललं, नुसता खोकला आला तरी बाहेर. आडवं झालं की आत. हे सांगायचं कुणाला? सासूला? लाजेनं मेली असती बाई. तिनं जुन्या लुगड्याच्या घड्या बांधल्या आणि एकतीस वर्षं गप्प बसली. फुगडी गेल्याचं दुःख होतंच, पण झुंबर गेली ते जिव्हारी लागलं होतं.

यंदा गोरक्षच्या बायकोनं, अश्विनीनं, त्या घड्या दोरीवर पाहिल्या. "आत्या, हे काय?" पोरगी चिवट, वदवून घेतल्याशिवाय सोडेना. जामखेडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच तिनं. आता पिशवी काढणार म्हणून कलाबाईचा जीव टांगणीला, पण बाईंनी तपासलं आणि आत पिशवी वर धरून ठेवणारी एक मऊ रिंग बसवली. सांगितलेल्या तारखेला दाखवायला यायचं, जड उचलायचं नाही, पोट साफ ठेवायचं, आणि लघवी अडवताना आवळतो तसं आवळून रोज व्यायाम करायचा.

"सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही," बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं का थांबलात?"

सासरी परतताना एसटीत कलाबाई कितीतरी वर्षांनी सैल बसली, आणि मग रडली. एवढ्याशा रिंगेचं काम, आणि त्यापायी जिवाभावाची मैत्रीण घालवली होती.

पंचमीला ती खर्ड्याला गेली. पोरी फुगड्या घालत होत्या, झुंबरबाई ओट्यावर बसून बघत होती. कलाबाई शेजारी टेकली तशी तिनं तोंड फिरवलं.

"झुंबरे, त्यो नवस खोटा हुता. माजं अंग बाहेर येत हुतं."

झुंबरबाईनं तोंड वळवून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "किती वर्सं?"

"एकतीस."

"माजं सव्वीस. मी समद्यांना गुडघं सांगितलं. तवा बोलली असतीस कले, तर मी बी बोलले असते."

कलाबाई उठून उभी राहिली आणि हातांची फुली करून पुढे धरली. "सोमवारी जामखेडला चल. मी येते संगं."

झुंबरबाईनं ते हात धरले आणि हळूच उठली. पोरी ओरडल्या, "आज्ये, फुगडी?"

"आधी सोमवार हुंदे," झुंबरबाई म्हणाली, पण हात काही सोडले नाहीत.